कान्हे ते वडगाव, मेलच्या बरोबरीने

पानशेतचं धरण फुटलं त्याच्या पुढच्या वर्षी माझं लग्न झालं आणि मी तळेगावहून लोणावळ्याला आले. माझे वडील तळेगावात मोटारदुरुस्तीचं गॅरेज चालवायचे. मी तिथेच वाढले, तिथल्याच एका जुन्या जीपवर गाडी शिकले, आणि अठरा पूर्ण झाल्यावर पुण्याला जाऊन लायसन काढून आले. लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा वडिलांनी कौतुकाने सांगितलं, "मुलगी मोटार चालवते बरं का."

 माझे होणारे सासरे म्हणाले, "आमच्याकडे तशी वेळ येणार नाही."

ती वेळ सात महिन्यांत आली.

सासरे रेल्वेत मेल गाडीचे ड्रायव्हर होते, नुकतेच निवृत्त झालेले. सासूबाई आधीच गेल्या होत्या. घरात सासरे, त्यांचा एकुलता एक मुलगा म्हणजे माझा नवरा, आणि मी. दारात एक छोटी विलायती गाडी होती. खंडाळ्याच्या बंगल्यातला कुणी साहेब कायमचा मायदेशी निघाला तेव्हा सासऱ्यांनी ती त्याच्याकडून घेतलेली. काळी, दोन दारांची, आठ हॉर्सपॉवरची. लोक तिला बघून हसायचे, खेळण्यातली म्हणायचे. मला ती कधीच आवडली नाही. तिची दारं उलटी उघडायची, म्हणजे बिजागरी मागे आणि कडी पुढे. चालत्या गाडीत कडी सुटली तर वाऱ्याने दार पार उलटं फिरून मोडलं असतं. पायाखालच्या पत्र्याला भोक होतं, त्यातून रस्ता पळताना दिसायचा. चाळीस मैलांच्या पुढे गेलं की स्टिअरिंग तापातल्या माणसासारखं थडथडायचं. ब्रेक दाबले की ती सरळ थांबायची नाही, डावीकडे ओढायची. ती सासऱ्यांची गाडी आहे हे तिच्याकडे बघूनच कळत असे.

सासऱ्यांच्या डाव्या डोळ्यात काचबिंदू निघाला. पुण्याच्या डॉक्टरांनी गाडी चालवायला सक्त मनाई केली आणि दर महिन्याला तपासायला बोलावलं. नवरा लोणावळ्यातल्या एका शाळेत मास्तर होता. एकोणीस वर्षांचा असताना सासऱ्यांनी त्याला वलवणच्या रस्त्यावर गाडी शिकवायला नेलं होतं. क्लच चुकला म्हणून भर रस्त्यात त्याच्या थोबाडीत मारली. त्यानंतर त्याने स्टिअरिंगला हात लावला नाही, आणि त्याबद्दल मला त्याचा राग यायचा नाही, उलट तेवढी एकच गोष्ट त्याने बापाच्या मनाविरुद्ध केली होती.

रेल्वेचा पास होता, सासरे आरामात आगगाडीने जाऊ शकले असते. पण ते म्हणत, "जिच्या तोंडाशी बसलो तिच्या पोटात मी बसणार नाही." म्हणून मग मी.

पहिल्या दिवसापासून ते माझ्या शेजारी उजवा हात हँडब्रेकवर ठेवून बसले. "क्लच आहे तो, पायपुसणं नव्हे." "गिअर टाकतेयस की कणीक तिंबतेयस?" "तुमच्या गॅरेजात असंच शिकवत असतील." मी उत्तर द्यायची नाही. गाडीत इतका आवाज व्हायचा की उत्तर द्यायचं तर ओरडावं लागलं असतं, आणि सासऱ्यांवर ओरडायचं नसतं एवढं मला शिकवलेलं होतं. मी दात आवळून पस्तीसने चालवायची. पुण्यापर्यंत माझा जबडा दुखायला लागायचा.

चार-पाच फेऱ्यांनंतर माझ्या एक गोष्ट लक्षात आली. डॉक्टरांची वेळ अकराची असली तरी सासरे मला फार लवकर गाडी काढायला लावत, आणि कार्ला फाट्यापासून घड्याळ बघायला लागत. कामशेतची खिंड उतरून कान्ह्याच्या पुढे आलं की रस्ता सरळ होतो आणि रूळ रस्त्याच्या अगदी जवळ येतात. बरोबर तिथेच मागून मेल यायची. तिचा ड्रायव्हर पूर्वी सासऱ्यांच्या हाताखाली असिस्टंट होता. आमची काळी डबी दिसली की तो खिडकीतून हात बाहेर काढायचा आणि लांब शिट्टी द्यायचा. मेल धडधडत पुढे निघून जायची. सासरे तिचा शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत बघत बसायचे आणि मग उरलेला सगळा रस्ता माझ्यावर काढायचे.

"माझ्या जागेवर बसलाय आणि मला शिट्टी देतो. आणि तू चालवतेस अंत्ययात्रेसारखी."

असं दीड-दोन वर्षं चाललं.

दुसऱ्या वर्षी श्रावणात माझा तिसऱ्या महिन्यात गर्भपात झाला. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, कुणी त्याबद्दल बोलत नव्हतं. मी पंधरा दिवस पडून होते. मग उठले, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा सासऱ्यांना घेऊन पुण्याला निघाले.

ज्या दिवसाचं सांगायचंय तो दिवाळीनंतरचा. मावळात भाताची कापणी उरकत आली होती. सकाळी धुकं होतं, कामशेतपर्यंत दिवे लावून आले. खिंड उतरलो तेव्हा ऊन पडलं. खाचरांमधून आंबेमोहोराच्या पेंढ्या रचलेल्या, मळणी चाललेली. मागे लांबून मेलची शिट्टी ऐकू आली.

सासऱ्यांनी मान वळवली. "आली. आज तरी पळव."

मी पस्तीसवरच होते.

"ऐकू येत नाही का? पळव म्हणतो."

"रस्ता ओला आहे, मामंजी."

 ते समोर बघत, अगदी साध्या आवाजात म्हणाले, "दोन वर्षं झाली. तू आल्यापासून या घरात ना पाळणा हलला, ना गाडी पळाली."

मला आजही तो आवाज ऐकू येतो. ते चिडून बोलले असते तर मी कदाचित नेहमीसारखं गिळून टाकलं असतं. ते हिशेब सांगितल्यासारखं बोलले.

मी अॅक्सिलरेटर पत्र्याला टेकवला.

त्यांना घाबरवायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. दुसरं काही नव्हतं. त्यांनी माझ्याकडे वळून "पुरे, सूनबाई" म्हणावं, एकदा तरी विनवावं. चाळीसला स्टिअरिंग थडथडायला लागलं. मी दोन्ही हातांनी आवळून धरलं. पन्नासला ते अचानक शांत झालं, आणि पंचावन्नला संपूर्ण गाडीच थरथरायला लागली. काचा, दारं, आरसा, माझे दात, सगळं. आरशात काही दिसेना, नुसता एक करडा पट्टा. भोकातून येणारा वारा साडीत शिरत होता. तापलेल्या तेलाचा वास येत होता. सासऱ्यांच्या बाजूचं दार वाऱ्याने फुगल्यासारखं बाहेर ओढलं जात होतं आणि त्यांनी डाव्या हाताने कडी घट्ट धरली होती. रस्त्याच्या कडेच्या वडांचे पांढरे पट्टे एकमेकांना चिकटले. समोरून एक लॉरी आली आणि गेली, तिच्या वाऱ्याने आमची गाडी हातभर बाजूला ढकलली गेली.

मेल उजवीकडून बरोबरीला येऊन थोडी पुढे निघाली होती. एकेक डबा मागे पडत पडत तिचं इंजिन माझ्या खांद्याशी आलं. काटा साठवर होता, मग पासष्टवर. तिथे जरा उतार आहे. त्या गाडीने तेवढं अंतर कसं कापलं हे मला आजही सांगता येणार नाही. मी सासऱ्यांकडे पाहिलं.

ते हसत होते.

दोन वर्षांत त्यांना मी असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. तोंड उघडं, डोळ्यांतून वाऱ्याने पाणी, उजवा हात हँडब्रेकवरून उचललेला. ते ओरडत होते, "शाब्बास! सोडू नको! सोडू नको!" इंजिनमधल्या माणसाने शिट्टी दिली, तीन वेळा. आम्ही त्याच्या पुढे गेलो. मला माझ्याच हातापायांची किळस आली. ज्यांना दुखवायचं म्हणून मी जीव धोक्यात घातला, त्यांना मी आयुष्यातलं सगळ्यात मोठं सुख दिलं होतं.

आणि तेव्हाच वडाच्या मागून दोन बायका रस्त्यावर आल्या. डोक्यावर गवताचे भारे. पुढची झटकन पलीकडे गेली. मागची म्हातारी होती. भाऱ्यामुळे तिला बाजूचं दिसत नसावं. ती मधोमध आली, आवाज ऐकून थबकली आणि मागे फिरली.

मी ब्रेक दाबले. गाडी डावीकडे ओढली गेली, मागचा भाग फिरला, मडगार्ड भाऱ्याला लागलं. गवत काचेवर आलं. नंतर एक आचका, आणि आम्ही चराच्या पलीकडे खाचरात, पुढचं चाक मातीत रुतलेलं. वडांच्या रांगेआडून मेल शिट्टी न देता निघून गेली.

म्हातारी रस्त्यावर बसली होती. डावा हात उजव्या हातात धरलेला, मनगट विचित्र कोनात. ती रडत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

खळ्यावरची माणसं धावत आली. काहींच्या हातात अजून विळे होते. "मारलीस व्हय म्हातारीला?" "कुटं जायची घाई व्हती एवढी?" एकाने बॉनेटवर जोरात लाथ मारली. मला दार उघडून बाहेर यायला भीती वाटत होती, तरी आले.

सासरे माझ्या आधी उतरले होते. कोट झटकत ते म्हणाले, "मी मघापासून सांगत होतो हळू चालव, हळू चालव. ऐकते कोण? बाईच्या हातात गाडी दिली की हे असं होतं."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी शिवी दिली असती तर मला काहीच वाटलं नसतं. मघाचं ते हसू अजून त्यांच्या तोंडावरून पुरतं उतरलेलं नव्हतं, आणि तेच तोंड हे बोलत होतं.

विळा हातात असलेला एक माणूस, तो त्या म्हातारीचा मुलगा होता हे नंतर कळलं, सासऱ्यांना म्हणाला, "मग आबा, तुमी शेजारी बसून काय करत व्हता?"

सासरे कोटच झटकत राहिले.

"गाडी मीच पळवली," मी म्हणाले. "मेलच्या पुढे काढायची म्हणून पळवली. चूक माझी आहे. आता आधी यांना तळेगावच्या दवाखान्यात नेऊ. गाडी वर घ्यायला हात लावा."

कुणी हललं नाही. मग मुलगा विळा खाली टाकून पुढे झाला, तसे बाकीचे आले. सहा जणांनी ती गाडी बाज उचलावी तशी उचलून रस्त्यावर ठेवली. म्हातारीला मागे बसवलं. तिची सून, जी भारा घेऊन पलीकडे गेली होती ती, तिला धरून बसली. मुलगा म्हणाला, "मी पन येनार." मी पुढचं दार उघडून त्याला बसवलं.

सासरे दाराशी आले. "आणि मी?"

"जागा नाही."

"मी इथे काय करू?"

"कान्हे स्टेशन मागेच आहे, मामंजी. पॅसेंजर मिळेल."

मी दार लावून घेतलं. एका डोळ्याने अंधुक दिसणारा, साठीला टेकलेला माणूस मी चिडलेल्या लोकांत भर रस्त्यावर सोडला. हे मी मुद्दाम केलं. जागा नव्हती हे खरं होतं, पण असती तरी मी तेच केलं असतं.

तळेगावपर्यंत मी वीसच्या वर गेले नाही. मागून म्हातारी कण्हत होती आणि मधूनमधून शिव्या देत होती. एकदा ओरडली, "आता कशापायी हळू चालवतीस? मघा काय झालं व्हतं तुला?" तिचा मुलगा माझ्या हातांकडे बघत होता. 

दवाखान्यात मनगटाला प्लास्टर घातलं. मी वडिलांना निरोप पाठवला. ते आले, गाडी बघितली, माझ्याकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, "कितीवर होतीस?" मी सांगितलं. ते म्हातारीच्या मुलाजवळ जाऊन बसले. संध्याकाळी त्यांनीच त्या तिघांना घरी पोचवलं.

मी लोणावळ्याला आले तेव्हा सासरे खुर्चीत बसलेले होते. कान्ह्याला स्टेशनमास्तरांनी त्यांना ओळखलं, चहा दिला आणि गाडीत बसवून दिलं होतं. नवरा दारात उभा होता.

"तू बाबांना रस्त्यात सोडलंस?"

"हो."

मी त्याला सगळं सांगितलं. पाळण्याचं बोललेलंही सांगितलं. तो आत वळला. "बाबा, तुम्ही पळव म्हणालात?"

सासरे म्हणाले, "पस्तीस वर्षं मेल चालवली मी. माझ्या हातून एक माणूस दुखावलं नाही."

"मी ते विचारत नाहीये."

"मग जे विचारायचंय ते तिलाच विचार."

 नवऱ्याने माझ्याकडून गाडीची किल्ली घेतली आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. कुणाची बाजू घेऊन ते केलं हे त्याने सांगितलं नाही. पुढच्या महिन्यापासून तो रजा टाकून बापाला रेल्वेने पुण्याला न्यायला लागला. सासरे खिडकीची झडप लावून बसतात, असं त्याने मला एकदा सांगितलं. माझ्याशी सासऱ्यांनी बोलणं टाकलं. मीठ हवं असलं तरी ते हवेत बघून म्हणत, "मीठ कमी आहे." मी त्यांच्यापुढे मीठ सरकवत असे. मीसुद्धा हवेकडेच बघायची.

म्हातारीकडे मी तीनदा गेले. पहिल्या वेळी तिने दारातूनच परतवून लावलं. दुसऱ्या वेळी तिच्या सुनेने बसायला पोतं टाकलं, तर म्हातारीने ते ओढून घेतलं. "पुन्यांदा हितनं गाडी घिऊन गेलीस तर काचंवर दगुड घालंन." प्लास्टर निघालं तेव्हा मनगट वाकडंच राहिलेलं होतं.

"इळा धरता येत न्हाई मला," ती म्हणाली. "तू येतीस का भात कापाय?"

टोमणा होता तो. मला कळत होतं. पण पुढच्या कापणीला मी गेले. एस.टी.ने कान्हे फाट्याला उतरले, तिच्या सुनेकडून विळा मागून घेतला आणि खाचरात उतरले. आयुष्यात विळा धरला नव्हता. पहिल्या तासात बोट कापलं. म्हातारी बांधावर बसून दिवसभर बोलत होती: वरून कापू नगंस, बूड धर, लोंब्या सांडल्यास, आंधळी हायस का. तिचा मुलगा दोनदा म्हणाला, "आये, बास की." ती थांबली नाही. दुसऱ्या दिवशीही गेले. कंबर मोडली होती. संध्याकाळी माझ्या पेंढ्या बघून ती म्हणाली, "उंद्या येऊ नगंस. लय नासाडी करतीस."

मी गेले नाही. मला माफी मिळाली नव्हती आणि ती मागायचा मला हक्कही नव्हता. माझी सासऱ्यांवरची चीड मी तिच्या हातावर काढली होती. तिला माझ्या घरातलं काहीही ठाऊक नव्हतं आणि ते ठाऊक करून घ्यायचं तिला कारणही नव्हतं.

गाडी नवऱ्याने एका भंगारवाल्याला देऊन टाकली. ती ओढून नेली तेव्हा सासरे बाहेर आले नाहीत.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी एका दुपारी एक गृहस्थ घरी आले. मेलचा तो ड्रायव्हर. तोही निवृत्त झाला होता. सासऱ्यांचा डावा डोळा तोवर गेलेलाच होता, उजव्यानेही फारसं दिसत नव्हतं. आवाजावरून ओळखलं आणि त्यांचा चेहरा उजळला. मी पोहे घेऊन बाहेर आले तेव्हा पाहुणे सांगत होते, "त्या दिवशी तुम्ही मला मागे टाकलंत, दादा. आमच्या शेडमध्ये कुणाला खरं वाटेना."

"पासष्ट!" सासरे म्हणाले. "आठ हॉर्सपॉवरच्या गाडीला पासष्ट. आमच्या सूनबाईने. अख्ख्या मावळात अशी गाडी चालवणारा गडी दाखवा मला."

पाच वर्षांत त्यांनी माझ्याबद्दल काढलेला तो पहिला चांगला शब्द होता. मला संताप आला. मी पोह्यांची ताटली पाहुण्यांपुढे ठेवली.

"पुढे काय झालं तेही सांगा, मामंजी. एका बाईचा हात मोडला. आजही तिला विळा धरता येत नाही."

पाहुण्यांच्या हातातला चमचा थांबला. त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांच्या लेखी आम्ही शर्यत जिंकून मागे राहिलो होतो, एवढंच. त्यांनी सासऱ्यांकडे बघितलं.

सासरे म्हणाले, "मोडला." मग पाहुण्यांकडे तोंड करून, "मीच म्हणत होतो पळव म्हणून."

"हे संध्याकाळी तुमच्या मुलाला सांगा," मी म्हणाले.

पाहुणे पोहे अर्धेच ठेवून निघाले. संध्याकाळी नवरा शाळेतून आला, हातपाय धुतले, बापाजवळ बसून वर्तमानपत्र वाचून दाखवलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होते. जेवणं झाली. अंथरुणं घातली. सासरे काही बोलले नाहीत, आणि मीही पुन्हा तो विषय काढला नाही.